पाणी नाही, म्हणजे नेमकं काय नाही?

आजचा विषय तुम्हाला आधीच कळवला होता: वाळवंटी हवामानातलं हंगामी बागकाम. मालवणात बसून हा विषय कशाला, असं दोघातिघांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला २०० सुद्धा धड पडत नाही. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याच परड्यात जाऊन बघा. अळू पिवळं पडलेलं, मिरचीने मान टाकलेली, विहिरीत कळशी तळाला घासते आहे. त्या दोन महिन्यांपुरता माळ्याच्या दृष्टीने मालवण आणि जैसलमेर यांत फरक थोडाच उरतो. म्हणून हा विषय आपलाही आहे.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो. न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार मानले. त्यातले तीन आज कामाचे आहेत. घडा घडवण्याआधी तो नसतो, हा प्रागभाव. घडा फुटल्यावर तो नसतो, हा प्रध्वंसाभाव. आणि वायूला रंग कधीच नसतो, हा अत्यंताभाव. तिन्ही ठिकाणी आपण एकच शब्द वापरतो, ‘नाही’. पण उपाय मात्र तीन वेगळे होतात.

आता मे महिन्यात आपण म्हणतो, “पाणी नाही.” हे कुठलं ‘नाही’? आपण बहुतेक वेळा ते प्रागभाव समजतो, म्हणजे मृगाची वाट बघत बसतो. किंवा अत्यंताभाव समजतो, “उन्हाळ्यात इथे भाजी व्हायचीच नाही” म्हणून मोकळे होतो. खरं तर तो प्रध्वंसाभाव आहे. पाणी आलं होतं, आपण ते घालवलं.

हिशोब करून बघू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. त्यावर ३००० मिलिमीटर पाऊस, म्हणजे तीन लाख लिटर. आता गुंठाभर भाजीला उन्हाळ्यात लागतं किती? ढोबळमानाने रोज पाच मिलिमीटर धरा, म्हणजे ५०० लिटर. मार्च ते मे, तीन महिन्यांचे झाले ४५ हजारांच्या आसपास. म्हणजे पडलेल्या पाण्याचा सहावा-सातवा हिस्सा. गेलं कुठे बाकीचं? आपला जांभा सच्छिद्र, सड्यावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. चार महिन्यांत आलेलं पाणी बघता बघता व्हाळातून खाडीला मिळतं.

जैसलमेरच्या भागात पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी पालीवाल ब्राह्मणांनी काय केलं, ते बघा. तिथे ‘खडीन’ म्हणतात. उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालायचा. वरच्या खडकाळ माळाचं पाणी वाहत येऊन बांधाआड साठतं, जमिनीत मुरतं. पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू नाहीतर हरभरा पेरायचा. वरून थेंबभर पाणी न देता पीक निघतं. नेगेवच्या वाळवंटात, वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पावसावर, नबातियन लोक असंच करत. एक एकर शेतासाठी वीस-तीस एकर टेकडीचं पाणी वळवायचे. मायकेल एव्हनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने गेल्या शतकात अवदात इथे तसं शेत पुन्हा उभं करून दाखवलं.

आता कोणी म्हणेल, सर, हे तर आपलं वायंगण! अगदी बरोबर. भात कापून झालं की खालाटीच्या जमिनीत जी ओल राहते, व्हाळाला बांध घालून जे पाणी अडतं, त्यावर घेतलेलं दुसरं पीक म्हणजे वायंगण. मालवण तालुक्यात वायंगणी नावाचं गाव आहे, वेंगुर्ल्यातही आहे. आज यातले किती मळे पिकतात, हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजावं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: बागेचा ऋतू पावसावरून ठरवू नका, ओलीवरून ठरवा. त्या हिशोबाने वर्षाचे चार भाग पडतात.

पहिला, मृग ते उत्तरा. या काळात पाणी बाहेर काढायचं असतं. वाफे उंच करा. तवशी, पडवळ, दोडकी, चिबूड मांडवावर नाहीतर उंचवट्यावर घ्या. चतुर्थीच्या माटवीला जे बांधतो, ते बहुतेक याच बागेतलं असतं.

दुसरा, हस्त ते स्वाती, म्हणजे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. हा सर्वांत महत्त्वाचा, आणि याच वेळी आपण सगळे ऑक्टोबरच्या उन्हाला कंटाळून घरात बसतो. ओल अजून हाताला लागते आहे. माती भुसभुशीत करा, वाल, चवळी, मुळा, तांबडी भाजी पेरा, रोपं वर आली की मधल्या जागेत पातेरा पसरा. व्हाळावरचा बांधही याच दिवसांत पडला पाहिजे. वनराई बंधारा जानेवारीत घातला, तर अडवायला पाणी उरलेलं नसतं.

तिसरा, डिसेंबर ते फेब्रुवारी. दुसऱ्या भागात काम केलं असेल, तर इथे फक्त काढणी आणि थोडं शिंपण.

चौथा, मार्च ते मे. हे आपलं वाळवंट. इथे बाग लहान करायची. चार आळी, आठ मिरच्या, पण जगतील अशा. बिनझिलईचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण ठेवा, भोवती वेल लावा. पाणी पाझरून थेट मुळांना मिळतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात ही रीत आहे. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं खोलगट बाजू वर करून पुरा, ती स्पंजासारखी पाणी धरतात.

आता प्रश्न घेऊ. एक चिठ्ठी आली आहे: “एवढं करण्यापेक्षा बोअरवेल मारली तर?”

सड्यावरच्या माणसाला उत्तर वेगळं देईन, किनाऱ्यावरच्याला वेगळं. देवबाग-तारकर्लीकडे बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मध्ये वाळूची पट्टी. तिथलं गोडं पाणी म्हणजे मुरलेला पाऊस, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा. भूजलशास्त्राचा ढोबळ नियम असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. उपसून वरची पातळी थोडी खाली नेली, की खालून खारं पाणी कितीतरी पटीने वर चढतं. आधी पाणी मचूळ होतं, मग भाजी जळते, मग माड. सिंधुदुर्ग किल्ल्यात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव गोड्या आहेत, याचं आपल्याला कौतुक आहे. पण त्या विहिरींतून शिवकाळात पोहऱ्याने पाणी काढत होते, पंपाने नाही.

नैयायिक सांगतात, प्रध्वंसाभावाला सुरुवात असते, शेवट नसतो. फुटलेला घडा परत येत नाही, नवा घडवावा लागतो. यंदा वाहून गेलेलं पाणी गेलंच. पुढचं येईल ते जूनमध्ये. तोवर आपल्या परड्याचा उतार कुठल्या कोपऱ्याकडे आहे, एवढं तरी बघून ठेवा. पहिला बांध तिथेच पडणार आहे.