राक्षसांशी बोलून पाहा : 'अंडरटेल' या खेळाचे गुण आणि दोष

व्हिडिओ गेम म्हटले की घराघरांतील आई-वडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या उगाच पडत नाहीत. होटगी स्टेशनच्या फलाटावर सोलापूरच्या किंवा विजापूरच्या गाडीची वाट पाहणारी पोरे पाहा. माना मोबाईलमध्ये, बोटे काचेवर आणि तोंडात एकच शब्द, 'मार!' जो जास्त मारील तो हुशार, ही अशा बहुतेक खेळांची रीत. अभ्यास बुडतो, डोळे दुखतात ही तक्रार आहेच. परंतु समोर दिसेल त्याला आधी मारायचे, हा धडा मुलांकडून रोज गिरवून घेतला जातो, ही आमच्या मते त्याहून मोठी काळजी आहे.

म्हणून आज या पानावर आम्ही एका वेगळ्या खेळाची ओळख करून देत आहोत. त्याचे नाव 'अंडरटेल'. त्याचे कौतुक करावे असे पुष्कळ आहे आणि बोट ठेवावे असेही आहे. दोन्ही बाजू मांडतो. निर्णय वाचकांनी करावा.

वर्गणीतून उभा राहिलेला खेळ

हा खेळ कोणा बड्या कंपनीचा नाही. टोबी फॉक्स या विशीतल्या अमेरिकन तरुणाने २०१३ साली किकस्टार्टर या संकेतस्थळावर त्यासाठी ५,००० डॉलरची वर्गणी मागितली. २,३९८ लोकांनी मिळून त्याला ५१,१२४ डॉलर दिले. कथा, संवाद, संगीत आणि प्रोग्रॅमिंग हे बहुतेक सारे काम त्याने स्वतः केले. चित्रांसाठी टेमी चँग या चित्रकर्तीची मोठी मदत झाली. १५ सप्टेंबर २०१५ रोजी खेळ संगणकावर आला आणि जगभर गाजला. एक-एक रुपया वर्गणी काढून विहार आणि वाचनालये बांधणाऱ्या आपल्या समाजाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

खेळायचे कसे?

या जातीच्या खेळात आपण एका पात्राची भूमिका घ्यायची, गावोगाव फिरायचे आणि लढून बळ वाढवायचे. लढाई आळीपाळीने चालते. सारीपाटात आपले दान झाले की समोरच्याचे दान, तसेच हे. १९८६ साली आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने जपानमध्ये ही पद्धत घरोघरी पोहोचवली.

'अंडरटेल'ची कथा अशी. फार पूर्वी माणसे आणि राक्षस यांच्यात युद्ध झाले. माणसे जिंकली. त्यांनी मंत्राच्या भिंतीआड राक्षसांना जमिनीखाली कोंडून टाकले. पुढे एक लहान मूल डोंगरावरून त्या पाताळात पडते. ते मूल म्हणजे खेळणारे आपण. तेथून घरी परतायची वाट शोधायची आहे.

वाटेत राक्षस आडवे येतात. प्रत्येक वेळी चार पर्याय पुढे असतात : लढा, कृती, वस्तू आणि दया. खरी गंमत 'कृती'त आहे. कोणाला चार शब्द कौतुकाचे हवे असतात, कोणाबरोबर गाणे गुणगुणावे लागते, एका कुत्र्याला नुसते गोंजारावे लागते. गोंजारत राहिले की त्याची मान लांबच लांब वाढत जाते आणि घरातली लहान मुले पोट धरून हसतात! समोरच्याचा राग निवला की 'दया' हा पर्याय निवडून त्याला सोडून देता येते.

जमेची बाजू

पहिली गोष्ट म्हणजे हा खेळ एकालाही न मारता शेवटपर्यंत नेता येतो. इतकेच नव्हे, त्याचा सर्वांत चांगला शेवट पाहायचा असेल तर कोणालाही मारून चालतच नाही. अंगुलिमालाची कथा ऐकत वाढलेल्या मुलांना यातले मर्म लगेच उमगेल.

दुसरी गोष्ट भाषेची. अशा खेळांत शत्रूला मारले की 'ईएक्सपी' मिळतो. त्याचा नेहमीचा अर्थ अनुभव. येथे शेवटाकडे एक पात्र आपल्याला थांबवून सांगते, की याचा अर्थ अनुभव नव्हे, तर कत्तलीचे गुण. 'लव्ह' हा शब्दही तसाच. तो प्रेम नसून हिंसेची पातळी मोजणारा आकडा निघतो. गोड नावाखाली क्रूर व्यवहार कसा खपवला जातो, हे इतक्या थोडक्यात मुलांना क्वचितच कोणी सांगितले असेल.

तिसरी गोष्ट स्मरणाची. सुरुवातीला टोरिएल नावाची शेळीच्या तोंडाची माउली त्या मुलाला घरात घेते, खाऊ करून घालते आणि बाहेरच्या धोक्यापासून वाचवण्यासाठी वाट अडवते. तिला न मारता पुढे जाता येते. पण त्यासाठी धीर धरून पुन्हा पुन्हा 'दया' निवडावी लागते. उतावळा खेळाडू तिला मारून बसतो. मग पश्चात्ताप होऊन तो मागे जातो आणि या वेळी तिला वाचवतो. तेवढ्यात एक फूल त्याला हिणवते, की तू आधी काय केलेस ते मला ठाऊक आहे. केलेले कर्म पाटीवरच्या अक्षरासारखे पुसता येत नाही, हा अनुभव खेळच देतो.

चौथी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की ज्यांना राक्षस म्हटले ते जवळून पाहिल्यावर राक्षस राहत नाहीत. पॅपिरस नावाचा सांगाडा शिपाईगिरीची स्वप्ने पाहतो आणि बेचव शेवया रांधतो. त्याचा भाऊ आळशी आणि विनोदी आहे. कोणी एकलकोंडे, कोणी प्रेमात पडलेले. पुराणांनी ज्यांना असुर आणि राक्षस म्हणून रंगवले, ते बळीराजासारखे लोक मुळात या भूमीचे धनी होते, अशी मांडणी जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त केली. राक्षस हे नाव कोणी कोणाला दिले, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. शिवाय खेळ राक्षसांना भाबडेही दाखवत नाही. त्यांचा राजा सूडापोटी निरपराध मुलांच्या जिवावर उठलेला आहे. अन्याय सोसलेल्यांकडूनही अन्याय घडू शकतो, हे सांगायला तो कचरत नाही.

उणिवा

आता दुसरी बाजू. आपला डाव सावकाश विचार करून खेळता येतो, पण शत्रूची पाळी आली की चपळाईच लागते. एका चौकोनात आपले छोटेसे लाल हृदय इकडे-तिकडे हलवून मारा चुकवायचा असतो. सोपे-कठीण निवडण्याची सोय नाही. ज्याची बोटे जलद चालत नाहीत तो दया दाखवायला तयार असूनही हरतो. कोडी बेताचीच आहेत आणि चांगल्या शेवटासाठी झालेली वाट पुन्हा तुडवावी लागते. काही प्रसंग भयानक आहेत. लहान मुलांना एकट्याने खेळू देऊ नये.

भाषेची अडचण त्याहून मोठी. खेळाचा सारा जीव संवादांत आहे आणि ते अधिकृतपणे फक्त इंग्रजी व जपानी भाषेत आहेत. होटगीत घरी कन्नड बोलून शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलाच्या हाती त्यातले किती विनोद लागणार? त्यात हा खेळ मोबाईलवर नाही. त्याला संगणक किंवा टीव्हीला जोडायचे महागडे यंत्र लागते. एक बरे, की जुना साधा संगणकही पुरतो आणि एकदा विकत घेतल्यावर जाहिराती किंवा जादा पैशांची मागणी नाही.

परंतु आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. या खेळात सगळा भर दयेवर आहे आणि ती दया दाखवायची कोणी? तर जिंकलेल्या बाजूच्या मुलाने. भिंत बांधणारी माणसे संपूर्ण खेळात जाब द्यायला कोठेच येत नाहीत. सर्वांत चांगल्या शेवटात भिंत फुटते, तीही पाताळातील सर्वांचे आत्मे एकवटल्यामुळे. (आत्म्याची भाषा खेळाची, आमची नव्हे.) पण वरून आलेल्या मुलाने प्रत्येकाला जीवदान दिले असेल, तरच तो शेवट उघडतो. म्हणजे कोंडलेल्यांच्या सुटकेची किल्ली पुन्हा बाहेरच्याच्या चांगुलपणाकडे. दया ही दाखवणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क कोणाच्या मर्जीवर नसतो. महाडच्या तळ्याचे पाणी १९२७ साली दया म्हणून मागितले गेले नव्हते. मुलांनी करुणा जरूर शिकावी, पण भिंतीविषयीचा प्रश्न विचारायचा विसरू नये.

पालकांनी काय करावे?

खेळ टाकून द्यावा असे आम्ही म्हणणार नाही. वस्तीत ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी रविवारी दोन तास पाच-सहा मुलांना एकत्र बसवावे. कॉलेजात जाणाऱ्या ताई-दादाने संवाद वाचून मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगावेत. लढायचे की सोडायचे हे मुलांनी आपसांत बोलून ठरवावे आणि का ते सांगावे. उठण्यापूर्वी त्यांना दोन प्रश्न विचारावेत. आज कोणाला सोडले आणि का? आणि भिंत कोणी बांधली? मुलांची उत्तरे आम्हाला पत्राने अवश्य कळवा.