पापाचा धनी कोण?

आश्विन वद्य चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून महाराष्ट्रातील असंख्य घरांत पायाखाली कारीट चिरडले जाते आणि नरकासुराचा वध झाला असे मानले जाते. आणि दोनच दिवसांनी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, वामनाने ज्याला पाताळात लोटले त्या बळीची आकृती रांगोळीने रेखून, त्याचे राज्य पुन्हा यावे अशी इच्छा त्याच घरांतून व्यक्त होते. दोघेही असुर, एक तुडविण्याचा, दुसरा पुजण्याचा. त्यातही नरकासुर हा विष्णुपुराणाप्रमाणे वराहरूपी विष्णूपासून भूमीला झालेला पुत्र, आणि बळी हा प्रल्हादाचा नातू. देवाचा वैरी देवाच्याच कुळातला असावा आणि पराभूत वैऱ्याच्या नावाने वर्षातला एक दिवस राखून ठेवावा, ही आपली रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की ज्या धर्मांत दुष्टतेला एकच नाव, एकच मुख आणि एकच सिंहासन दिले गेले त्यांच्याकडे आपण काहीशा कौतुकाने व बऱ्याचशा गैरसमजाने पाहतो. वस्तुतः प्रश्न सर्वांपुढे एकच आहे. परमेश्वर मंगल आहे, तो सर्वसमर्थ आहे, आणि जगात अमंगल खरोखरच आहे, ही तीन विधाने एकाच वेळी पूर्णांशाने स्वीकारणे बुद्धीला अतिशय जड जाते. त्यांपैकी कोठे तरी तडजोड करावी लागते, आणि कोणत्या धर्माने ती कोठे केली, हे पाहिले म्हणजे त्या धर्माच्या अंतःकरणाचा ठाव लागतो.

ही तडजोड सर्वांत निर्भयपणे केली ती जरथुष्ट्राच्या अनुयायांनी. गाथांपैकी यस्नाच्या 30व्या अध्यायात दोन जुळ्या मूलशक्तींचे वर्णन आहे: एकीने सत्य व जीवन निवडले, दुसरीने असत्य व विनाश. पुढे पहलवी ग्रंथांत हे द्वंद्व अधिक कठोर झाले. एकीकडे ओहर्मझ्द, दुसरीकडे अहरिमन, आणि त्यांच्या संग्रामासाठी ठराविक मुदतीने आखून दिलेली ही सृष्टी. नवव्या शतकात, इराणात इस्लामचा अंमल स्थिर झाल्यानंतर, मर्दान-फर्रुख नावाच्या पंडिताने शंकानिरसनाचा एक ग्रंथ लिहिला. त्यात एकेश्वरवाद्यांना त्याने विचारलेला प्रश्न आजही तितकाच धारदार आहे. जो ईश्वर सर्व काही करतो तोच दुष्टताही करीत असेल, तर त्याला मंगल कोणत्या तोंडाने म्हणावे? ईश्वराच्या सामर्थ्याला मर्यादा घालण्याची किंमत या धर्माने जाणूनबुजून दिली, पण त्याचे मांगल्य निष्कलंक ठेवले. शिवाय मनुष्याला या युद्धातला सैनिक केले, म्हणून शेत नांगरणे, पाणी स्वच्छ राखणे व खरे बोलणे ही त्याच्या लेखी अहरिमनाविरुद्धची शस्त्रे ठरली.

या वादाचा एक अंक आपल्याच भूमीवर घडला. मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी 1843 साली पारशी धर्मावर ग्रंथ लिहून त्यातील द्वैतावर कडक टीका केली आणि पारशी समाजात मोठी खळबळ उडाली. पुढे 1859 साली पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात संस्कृत शिकविण्यास आलेले जर्मन पंडित मार्टिन हौग यांनी गाथांची भाषा वेगळी व अधिक प्राचीन असल्याचे दाखवून, जरथुष्ट्राचा परमेश्वर एकच असून दोन्ही शक्ती त्याच्याच आश्रयाने आहेत, अहरिमनाला स्वतंत्र सिंहासन देणारे उत्तरकालीन होत, असे प्रतिपादन केले. त्यांचे निबंध 1862 साली मुंबईत प्रसिद्ध झाले. सुधारक पारशांना या मताचा आधार वाटला, आणि तो का वाटला हे समजण्यासारखे आहे. परंतु मला असे वाटते, की मिशनऱ्यांच्या कचेरीत निर्दोष ठरण्याच्या घाईत त्या धर्मातील सर्वांत धाडसी विचार काहीसा मागे सारला गेला. द्वैत हा दोष आहे, हे गृहीत धरूनच बचाव झाला. मर्दान-फर्रुखाने तसे कदापि केले नसते.

यहुदी परंपरेने उलट मार्ग धरला. तिच्या जुन्या ग्रंथांत सैतान हा परमेश्वराचा प्रतिस्पर्धी मुळीच नाही. ईयोबाच्या ग्रंथात तो परमेश्वराच्या दरबारात इतर दिव्य सेवकांबरोबर हजर होतो, सरकारी फिर्यादीप्रमाणे मनुष्याच्या निष्ठेवर संशय घेतो, आणि ईयोबाचा छळ करण्याची परवानगी हुजुरातून मागून घेतो. दिलेल्या हद्दीबाहेर एक पाऊलही टाकण्याचा अखत्यार त्याला नाही. यशयाच्या 45व्या अध्यायात तर प्रकाश व अंधार, कल्याण व अरिष्ट यांचा कर्ता आपणच, असे परमेश्वर इराणी सम्राट कोरेशाला उद्देशून निःसंदिग्धपणे सांगतो. पण ही भूमिकाही निभावून नेणे सोपे नव्हते. दावीद राजाने केलेल्या शिरगणतीची कथा दोन ठिकाणी आली आहे: शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात कोपलेल्या परमेश्वरानेच दावीदाला ती बुद्धी दिली, आणि त्यानंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात त्याच जागी सैतान आला. ज्या लेखकाने हा बदल केला त्याच्या मनातील वेदना मला या साऱ्या इतिहासातील फार बोलकी खूण वाटते. आपल्या आराध्याने एखाद्याला पापाला प्रवृत्त करावे आणि मग त्याबद्दल सत्तर हजार लोक महामारीत मारावेत, हे त्याला सोसवले नाही.

पुढच्या रब्बींनी हा प्रश्न आणखी आत वळविला. मनुष्यात एक सत्प्रवृत्ती व एक दुष्प्रवृत्ती जन्मजात असते असे त्यांनी मानले, आणि तालमुदात रेश लाकिश या आचार्याच्या नावे असे मत नोंदविले आहे, की सैतान, दुष्प्रवृत्ती व मृत्युदूत हे तिन्ही एकच. त्याहून धीट विचार असा, की या दुष्प्रवृत्तीवाचून कोणी घर बांधले नसते, लग्न केले नसते, व्यापार केला नसता. म्हणून सृष्टी उत्तम आहे या ईश्वरी निवाड्यात तिचाही समावेश होतो.

ख्रिस्ती धर्मात या फिर्यादीचा बंडखोर सेनापती झाला. अरण्यात येशूला मोहात पाडू पाहणारा आणि प्रकटीकरणाच्या ग्रंथात स्वर्गातून खाली फेकला जाणारा सैतान स्वतंत्र राज्याचा धनी भासतो. तथापि धर्मपंडितांनी त्याला दुसरा ईश्वर होऊ दिले नाही. नऊ वर्षे मानीच्या द्वैतवादी पंथात घालविलेल्या ऑगस्टीनने अखेर असा सिद्धांत मांडला, की दुष्टता ही वस्तूच नव्हे. जखम म्हणजे जसा आरोग्याचा अभाव, तद्वत् ती मंगलाची न्यूनता होय. 1215 सालच्या लॅटरन परिषदेने सैतान मुळात चांगलाच निर्मिला गेला, तो आपल्या करणीने दुष्ट झाला, असे ठरविले. तत्त्वज्ञान म्हणून हे सुबक आहे. परंतु जो केवळ अभाव आहे तो इतक्या त्वेषाने माणसे जाळतो कसा, याचा खुलासा या सिद्धांतातून मला कधी मिळाला नाही. आणि माणसे तर जाळली गेलीच. चेटकिणींच्या पारिपत्यावरील कुप्रसिद्ध ग्रंथ 1487च्या सुमारास छापला गेला आणि पुढील दोन शतकांत युरोपात, आधुनिक इतिहासकारांच्या अंदाजाने, चाळीस ते साठ हजार जणांना, बहुतांशी स्त्रियांना, सैतानाशी करार केल्याच्या आरोपावरून देहदंड झाला.

ही कथा मराठीत आली ती गोव्यातून. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 साली रायतूर येथे छापले गेले. देवदूतांच्या पतनाची हकीकत त्यांनी ओवीत अशा प्रेमाने रचली, की आपली भाषा त्यांची ऋणी राहील. पण त्याच काळात गावाच्या शिवेवरचा जो देवचार ग्रामस्थांना रखवालदार वाटे, ज्याला रोट व मद्य देऊन संतुष्ट ठेवीत, तोच नव्या धर्मशिकवणीत नरकाचा अधिपती ठरला. एका समाजाचा राखणदार हाच दुसऱ्याचा सैतान, असे झाले म्हणजे त्या राखणदाराची आराधना करणारी माणसेही सैतानाची प्रजा ठरतात, आणि 1560 साली स्थापन झालेल्या गोव्याच्या धर्मसमीक्षणसभेच्या इतिहासात हा तर्क कोठवर गेला ते सर्वश्रुत आहे.

इस्लाममध्ये इब्लीसच्या पतनाचे कारण फार मार्मिक आहे. मातीच्या आदमापुढे नमण्याचा हुकूम झाला असता, आपण अग्नीपासून घडलो म्हणून श्रेष्ठ, असे म्हणून तो नाकारतो. जन्माच्या द्रव्यावरून उच्चनीच ठरविणे हेच पहिले पाप, ही कल्पना जातीच्या उतरंडीत वाढलेल्या आपल्या समाजाने पुन्हा पुन्हा मनन करावी अशी आहे. त्याला कयामतीपर्यंत मुदत मिळते, पण सत्ता मिळत नाही; कुराणाच्या 14व्या सूऱ्यात तो स्वतःच शेवटी आपल्या अनुयायांना सांगतो, की मी केवळ बोलावले, तुम्ही आलात, तेव्हा दोष स्वतःला द्या. काही सूफींनी मात्र या कथेला विलक्षण वळण दिले. 922 साली बगदादेत देहान्त शासन भोगलेल्या हल्लाजच्या लेखनात इब्लीस हा असा एकनिष्ठ प्रेमिक होतो, की प्रियकराच्या आज्ञेवरूनही तो दुसऱ्या कोणापुढे मान लववीत नाही आणि विरहाची शिक्षा पत्करतो. बहुसंख्य उलेमांना हे मान्य होणे शक्यच नव्हते. तरी सर्वांत तिरस्कृत अशा पात्राचीही कैफियत ऐकून घेण्याचे औदार्य या परंपरेच्या पोटात होते, याची नोंद व्हावी.

कारण हे औदार्य संपले की काय होते हेही आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. उत्तर इराकमधील यझीदी लोक सात देवदूतांच्या अग्रणीला, मयूररूपी ताऊस मेलेकला, भजतात; त्यांच्या श्रद्धेत तो पतित नाही. शेजाऱ्यांनी मात्र त्याला इब्लीस ठरवून या लोकांना शतकानुशतके सैतानपूजक म्हटले, आणि ऑगस्ट 2014 मध्ये सिंजार भागात त्याच शिक्क्याचा आधार घेऊन हजारोंची कत्तल झाली व स्त्रियांना गुलाम म्हणून विकण्यात आले. सैतान आहे की नाही, हा वाद विद्वानांनी खुशाल करावा. परंतु त्याला शेजाऱ्याचा चेहरा दिला जातो त्या क्षणी दुष्टता प्रत्यक्ष अवतरते, एवढे माझ्यापुरते निश्चित आहे. हे दूरदेशीचेच आहे असेही नाही. नंदुरबारकडील आदिवासी पाड्यांत बायकांना डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार घडत आले आहेत, आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात 2013 साली आला तो नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर.

बौद्धांनी या चेहऱ्याचाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. अजिंठ्याच्या 26व्या लेण्यात बोधिसत्त्वावर चालून आलेल्या माराची सेना व त्याच्या कन्या कोरल्या आहेत, 1ल्या लेण्यात तोच प्रसंग रंगविला आहे. पण सुत्तनिपातातील पधानसुत्त त्या सेनेतील पलटणींची नावे देते तेव्हा काम, असंतोष, भूकतहान, तृष्णा, आळस, भीती, संशय, दंभ अशी ती निघतात. मज्झिमनिकायात याहून अद्भुत कथा आहे. मार मोग्गल्लानाच्या पोटात शिरतो, त्याला पोट उडदांनी भरल्यासारखे जड वाटते, आणि तो माराला ओळखून सांगतो, की पूर्वी मीही दूसी नावाचा मार होतो, माझ्या काली नावाच्या बहिणीचा तू मुलगा. भगवंताचा पट्टशिष्य एके काळी मार होता! दुष्टता हे येथे पद ठरते, त्यावर कोणीही बसू शकतो आणि तेथून कोणीही उठून जाऊ शकतो.

वैदिक परंपरेत ईश्वरावरील विषमतेचा व निर्दयतेचा आरोप ब्रह्मसूत्रांनी स्वतःच उपस्थित केला आणि जीवांच्या कर्माकडे बोट दाखवून, संसार अनादि मानून, त्याचा परिहार केला. पुराणांनी आणखी पुढे जाऊन हिरण्यकशिपू, रावण व शिशुपाल यांना वैकुंठाचे शापित द्वारपाल केले, ज्यांनी वैराने का होईना तीन जन्मांत परतण्याची वाट धरली. जेजुरीस मल्लाचे शिर पायरीवर तुडविले जाते, पण शरण आलेला मणी त्याच गडावर पूजा घेतो. ही क्षमाशीलता मला प्रिय आहे. परंतु कर्मसिद्धांताची किंमतही मोजलीच पाहिजे, आणि ती तत्त्वज्ञांनी मोजली नाही. ज्यांच्या माथी जन्माची अवहेलना आली त्यांनी मोजली. महात्मा फुल्यांनी 1873 सालच्या 'गुलामगिरी'त बळीला न्यायी राजा म्हणून उभे करून देव कोण व दैत्य कोण हा निवाडाच फेरतपासणीस घेतला, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाचा धम्म मांडताना आजच्या हीन अवस्थेला मागील जन्माचे पाप कारण, हे मत साफ नाकारले. पीडितालाच पापाचा धनी ठरविणारी उपपत्ती कितीही तर्कशुद्ध असो, तिच्यात कोठे तरी अहरिमन शिरलेला असतो.

याची सर्वांत कठोर कसोटी निसर्गाच्या आघाताने लागते, कारण तेथे मोहात पाडणारा नसतो आणि मोहात पडणाराही नसतो. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली व जड माळवदांखाली गाडली गेली. अशा वेळी त्यांचे कोणते पाप भोवले याची चर्चा करणारे नेहमीच निघतात. ईयोबाच्या भेटीस आलेले मित्रही हीच चर्चा करीत होते: तू दुःख भोगतोस, अर्थात तू पाप केले असले पाहिजेस. त्या ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर दुःखाचे कारण सांगत नाही, सैतानाचे नावही पुन्हा काढीत नाही; मात्र ईश्वराची वकिली करणाऱ्या त्या धर्मशील मित्रांवर तो कोपतो, आणि ज्याने राखेत बसून उघड तक्रार केली त्या ईयोबाचेच बोलणे यथार्थ होते, असा निकाल देतो.