वैद्यकीय संकेतांकन : रुग्णालयाची खतावणी

व्यापारी घरात रोजकीर्द आणि खतावणी या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. चुकीच्या खात्यात पडलेली रक्कम तेरजेत सापडत नाही. दोन्ही बाजू जुळतात, तरी हिशेब खोटा ठरतो. रुग्णालयाच्या कागदपत्रांची अशीच खतावणी म्हणजे मेडिकल कोडिंग, अर्थात वैद्यकीय संकेतांकन.

डॉक्टरांनी लिहिलेले निदान व उपचार वाचून प्रत्येकास ठरावीक संकेतांक देणे, हे कोडरचे काम. भारतात बसून ते मुख्यतः अमेरिकेतील रुग्णालयांसाठी केले जाते. तेथे निदानासाठी १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही पद्धती लागू आहे. उपचारांसाठी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची, १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली सीपीटी सूची आहे. गुंतागुंत नसलेला टाइप-२ मधुमेह ‘ई११.९’ मध्ये जातो. त्याच मधुमेहामुळे मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडला असल्यास ‘ई११.२२’ मध्ये. मात्र रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसले, तरी डॉक्टरांनी निदान लिहिले नसेल तर कोडरने ते स्वतः ठरवायचे नाही; डॉक्टरांकडे विचारणा करायची. व्हाउचरवाचून नोंद नाही, तोच हा नियम. विम्याची रक्कम या संकेतांकांवर ठरते. सरकारी विम्याच्या बिलात जाणूनबुजून भारी संकेतांक लावणे हा तेथील १८६३ च्या फॉल्स क्लेम्स कायद्यानुसार अपराध ठरू शकतो.

पनवेल तालुक्यातील ओव्यासारख्या गावातील पदवीधर मुलीला वा सुनेला हे क्षेत्र आता दूरचे नाही. शेजारच्या खारघरमधून बेलापूर–पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे आणि हे काम करणाऱ्या कंपन्यांची कार्यालये ऐरोलीत आहेत. अनुभवानंतर काहींना घरूनही काम मिळते.

आरंभ मात्र क्रमाने व्हावा. प्रथम शरीररचना व वैद्यकीय परिभाषा, मग संकेतांकांचे नियम, शेवटी परीक्षा. सीपीसी या प्रचलित परीक्षेत चार तासांत १०० प्रश्न असतात. संकेतांकांची पुस्तके जवळ ठेवता येतात आणि उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात. अनुभव नसलेल्यास प्रथम शिकाऊ दर्जाचे प्रमाणपत्र मिळते. जीवशास्त्र, औषधनिर्माण, परिचर्या किंवा फिजिओथेरपीच्या पदवीधरांना कंपन्या प्राधान्य देतात. वाणिज्य पदवीधराला विम्याचे दावे व वसुली पाहणारा बिलिंग विभाग अधिक जवळचा.

दिवाळीला वही बदलावी, तशी आयसीडीची सूची दर ऑक्टोबरात व सीपीटीची दर जानेवारीत नवी होते. म्हणून वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी चालू वर्षाची पुस्तके व परीक्षा शुल्क त्यात धरले आहे का, हे लेखी घ्यावे. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्याकडून ती कोणत्या अटींवर आहे, हेही कागदावर मागावे.

त्याआधी एक बिनखर्चाची कसोटी आहे. घरातील एखादे जुने डिस्चार्ज कार्ड काढावे आणि त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधत ते शेवटपर्यंत वाचावे. त्यात तास कसा गेला हे कळले नाही, तर शुल्क भरायला हरकत नाही.