इंग्रजींतील भविष्यकाळ

संस्कृतांत 'भविष्यति' म्हटलें कीं प्रत्ययानेंच भविष्यकाळ कळतो. इंग्रजी क्रियापदाला असा प्रत्ययच नाहीं. 'विल' म्हणजे मूळचें 'इच्छिणें' व 'शॅल' म्हणजे मूळचें 'देणें लागणें'. या दोघांकडून तें काम करून घेतात. जॉन वॉलिस यानें १६५३ सालीं नियम बांधला: प्रथमपुरुषीं 'शॅल' नुसतें भविष्य सांगतें, 'विल' वचन अगर धमकी देतें, इतर पुरुषीं याच्या उलट. या नियमावर बोट ठेवून 'आय विल गो' लिहिणाऱ्या किती मुलांचे गुण आम्हीं कापले! आतां इंग्रज लोक स्वतःच सर्रास तसें बोलतात. 'गोइंग टू'नें बेत सांगतात, आणि वेळापत्रकांतली गाडी तर वर्तमानकाळींच 'उद्यां सुटते'. आपणही 'उद्यां येतों' म्हणतोंच कीं! वाचकहो, नातवंडांच्या वह्या तपासतांना तांबडी शाई जपून वापरावी.