रीडिंगआधी मीटरची हालहवाल

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांतून माल बाहेर पडतो तो टेस्ट बेंचवरून. स्विचगिअर असो, इंजेक्टर असो, की ओझरला १७ ऑक्टोबर २०२५ रोजी झेपावलेलं तेजस विमान. ‘पास’चा शिक्का मारणारा माणूस शेवटी उपकरणांवर विसंबतो. ही उपकरणं आता बहुतेक ठिकाणी संगणक चालवतो. प्रोग्राम विचारतो, मीटर आकडा देतो, आकडा फाइलीत जातो. पण त्या क्षणी मीटर काय करत होता? तो स्थिरावला होता का, ओव्हरलोड तर झाला नव्हता? हे न विचारता घेतलेलं रीडिंग मी पुरावा मानत नाही.

विचारायची सोय मात्र जुनी आहे. साठच्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डने उपकरणं जोडणारी बस तयार केली आणि १९७५ मध्ये तिचं आयईईई ४८८ हे मानक झालं. एका बसवर १५ उपकरणं, केबल एकूण २० मीटर. तारा ठरल्या, भाषा ठरली नाही. १९८७ च्या ४८८.२ ने स्थिती कळवण्याची समान रीत घालून दिली आणि १९९० च्या ‘स्किपी’ (एससीपीआय) या मानकाने कमांडही एकसारख्या केल्या.

या रीतीचा गाभा म्हणजे आठ बिटांचा स्टेटस बाइट. त्यात १६ असेल तर उत्तर तयार आहे; ३२ असेल तर इव्हेंट रजिस्टर उघडून बघा; ६४ म्हणजे उपकरण स्वतःच लक्ष वेधतंय. इव्हेंट रजिस्टरमध्ये ३२ चा अर्थ कमांड कळलीच नाही, १६ चा अर्थ कळली पण पाळता येत नाही. या दोन चुकांवरचे उपाय वेगळे, म्हणून हा फरक मोलाचा. शिवाय ऑपरेशन रजिस्टर सांगतं: कॅलिब्रेशन चालू आहे, स्वीप चालू आहे, ट्रिगरची वाट बघतोय.

सगळ्यात सुंदर भाग पुढेच आहे. कंडिशन रजिस्टर फक्त आत्ताचं दाखवतं. व्होल्टेज क्षणभर उसळून पूर्ववत झालं, तर तिथे मागमूस राहत नाही. इव्हेंट रजिस्टर ती नोंद धरून ठेवतं, कुणी वाचेपर्यंत. वाचली की पुसली. म्हणूनच दोन प्रोग्राम एकाच उपकरणाचं इव्हेंट रजिस्टर वाचू लागले, की एकाची खबर दुसरा नेतो आणि बेंचवरची माणसं उगाच भूत शोधत बसतात.

आणि तरीही प्रोग्राममध्ये ‘दोन सेकंद थांब’ अशी ओळ सर्रास सापडते. ती मला खटकते. सिग्नल लहान असला, रेंज बदलली, की स्थिरावायला लागणारा वेळही बदलतो. काम संपल्यावर ‘काम पूर्ण’ सांगणारा ओपीसी बिट लाव आणि सर्व्हिस रिक्वेस्ट देऊन लक्ष वेध, एवढं उपकरणाला सांगितलं तर अंदाज बांधावाच लागत नाही.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत उपकरणाची स्थिती कळण्याची हीच गरज किती मोठी होते ते दिसतं. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, काही मध्यापासून कित्येक किलोमीटर लांब. प्रत्येकीची दिशा आणि रिसीव्हरची स्थिती नियंत्रण कक्षात कळली नाही, तर आकाशातून आलेल्या संकेताला अर्थ उरत नाही.

२००४ मध्ये एलएक्सआय हे मानक आलं, उपकरणं इथरनेटवर गेली आणि २० मीटरची मर्यादा संपली. त्यात एक गोष्ट मात्र निसटू शकते. जुन्या बसमध्ये सर्व्हिस रिक्वेस्टसाठी स्वतंत्र तार होती. साध्या सॉकेट जोडणीत ती नाही, तिथे पुन्हापुन्हा विचारावं लागतं. हायस्लिप या प्रोटोकॉलमध्ये ती सोय आहे. नवा बेंच उभारणाऱ्याने खरेदीआधीच हे तपासावं, आणि फाइलीत प्रत्येक रीडिंगशेजारी स्थितीचा रकाना ठेवावा.