बल्बाक वाचूक येना नाय

भरतगडाच्या बाजूने सर येते आणि संगणक दुरुस्तीच्या दुकानातली ट्यूब डीम होते. कोणी वर बघतही नाही. मसुऱ्याच्या माणसांना पावसाळ्यातल्या लाईटची सवय आहे. ती नसते संगणकाच्या पोटातल्या एसएमपीएसला, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या डब्याला.

टेबलावर तसाच एक डबा आहे, नवाकोरा. लेबलवर ठळक 450 वॉट. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या ताईंनी आणलाय. ऐन गर्दीत संगणक मध्येच बंद पडतो. दुकानदार डबा हातावर तोलतो.

"ताई, ह्येका वजनच नाय!"

मग हिरवी वायर काळीला जोडतो. पंखा फिरतो. पिवळ्या वायरवर मीटर 12.1 दाखवतो, लालवर 5.06. ताईंचा चेहरा खुलतो. बहुतेक ठिकाणी तपासणी इथेच संपते. ओझं नसताना काय, कुठलाही डबा पास!

टेबलाखालून एक फळी निघते. तिच्यावर गाडीच्या हेडलाइटचे 55 वॉटचे बल्ब. थंड तार क्षणभर कितीतरी पट करंट ओढते, म्हणून तो एकेक लावतो. पहिला: 11.8. दुसरा: 11.5. तिसऱ्याला 11.1, आणि पंख्याचा आवाज उतरतो. 5 टक्के सूट धरली तरी 11.4 च्या खाली जाता कामा नये. लाल वायर उलट 5.31 वर चढलीय. अशा डब्यात दोन्ही लायनी एकच सर्किट सांभाळतं; बारा सावरायला जातं आणि पाचला वर ढकलतं. पिवळी वायर हाताला गरम लागते.

"चौथा लावा ना," मी म्हणतो.

"नको. माका दुकान जाळूचां नाय. लेबलार कायव छापतत, बल्बाक वाचूक येना नाय."

प्लग काढून तो झाकण उघडतो आणि आधी कपॅसिटरमधले तीनशेच्या आसपास व्होल्ट उतरवतो. येणारी वीज गाळणारी कॉइल हवी तिथे नुसतं छापील वर्तुळ, आणि आरपार टाकलेल्या दोन साध्या तारा. पैसे वाचले ते इथे.

"मग घेताना बघायचं काय?" ताई विचारतात.

तो लेबलवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवतो: 12 व्होल्ट, 16 अँपिअर. गुणाकार 192 वॉट. 450 चा डबा स्वतःच कबुली देतोय, आणि तीही खोटी. तीन बल्ब चौदा अँपिअरच्या आतच होते.

आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टच्याच लायनीवरून घेतात. तेव्हा मोठा आकडा सोडा, 12 व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा, आणि डबा ओझ्यावर तपासूनच घ्या.