रोहित्राचे माप, वाऱ्याची वीज

उच्च दाबाचे रोहित्र एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचे म्हणजे आधी रस्ता मोजावा लागतो. ऑटोट्रान्सफॉर्मर या प्रकारच्या मोठ्या रोहित्राचे वजन दीडशे ते दोनशे टनांच्या घरात असते. वाटेतले पूल ते पेलतील का, वळणावर लांबलचक ट्रेलर फिरेल का, वरून गेलेल्या तारांची उंची पुरेल का, हे तपासल्याशिवाय गाडी हलत नाही. यंत्रातले तेल आधी काढून घेतलेले असते, चिनी मातीची बुशिंग वेगळ्या पेट्यांत भरलेली असतात. माणसाच्या चालण्याच्या वेगाने हा लवाजमा निघतो. युक्रेनच्या दिशेने असे लवाजमे गेली काही वर्षे जात आहेत. ते कोणत्या वाटेने जातात आणि यंत्र कोणत्या उपकेंद्रात उतरते, हे गुप्त ठेवले जाते.

वजनापेक्षा अवघड प्रश्न असतो मापाचा. युक्रेनचे पारेषण जाळे सोव्हिएत काळात आखले गेले आणि त्याच्या मुख्य वाहिन्या बव्हंशी ३३० आणि ७५० किलोव्होल्टच्या आहेत. पश्चिम युरोपात ४०० किलोव्होल्टचा दाब चालतो. आपल्या महाराष्ट्रातही ७६५, ४०० आणि २२० किलोव्होल्टच्या वाहिन्या आहेत. त्यामुळे फ्रान्स किंवा जर्मनीच्या गोदामात रोहित्र पडून असले आणि ते द्यायची मनापासून इच्छा असली, तरी ते तिथे जोडता येत नाही. जोडता येते ते लिथुआनियाचे, कारण तिचेही जाळे त्याच सोव्हिएत आराखड्यातले, ३३० किलोव्होल्टचे. लिटग्रिड या तिथल्या पारेषण कंपनीने आपल्या जाळ्यातून काढलेली ऑटोट्रान्सफॉर्मर म्हणूनच तिकडे धाडली. जपानने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत अशी यंत्रे दिली, पण ती बनवून घ्यावी लागली. असे रोहित्र कुणी तयार करून दुकानात ठेवत नाही. मागणी नोंदवली की तांब्याची वेटोळी, पोलादी गाभा आणि चाचण्या मिळून वर्ष तर जातेच, कधी त्याहून जास्त.

आंतरराष्ट्रीय मदत म्हटले की परिषदा आणि हस्तांदोलने डोळ्यांसमोर येतात. युक्रेनच्या विजेच्या बाबतीत मदतीचे खरे काम या मापाच्या पातळीवर चालते: कुणाच्या गोदामात काय आहे, ते कुठे बसेल, ते न्यायचे कसे. लिथुआनियातला एक जुना औष्णिक प्रकल्प नटबोल्टपासून सुटा करून युक्रेनला नेण्याचे काम सुरू असल्याचे युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले. एका देशाने बंद केलेला प्रकल्प दुसऱ्याला सुटे भाग म्हणून हवा असावा, यावरून त्या देशावरची पाळी समजते.

ही पाळी आली कशी? १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांचा मारा वीजव्यवस्थेकडे वळवला. त्याआधीच, ४ मार्च २०२२ रोजी, झापोरिझ्झियाचा सहा अणुभट्ट्यांचा प्रकल्प रशियाच्या ताब्यात गेला होता. ६ जून २०२३ ला काखोव्का धरण फुटले आणि त्यासोबत तिथले जलविद्युत केंद्र गेले. पहिल्या हिवाळ्यात निशाणा मुख्यतः उपकेंद्रांवर होता. २०२४ च्या वसंतात तो थेट वीजनिर्मिती केंद्रांवर आला. २२ मार्चला नीपर नदीवरच्या द्नीप्रो जलविद्युत केंद्राला फटका बसला. ११ एप्रिलला कीव प्रांतातले सर्वात मोठे ट्रिपिल्स्का औष्णिक केंद्र एका पहाटेत जळून गेले. जूनमध्ये बर्लिनच्या पुनर्उभारणी परिषदेत अध्यक्ष झेलेन्स्की यांनी सांगितले, की नऊ गिगावॉट क्षमता नष्ट झाली आहे. आदल्या हिवाळ्यातली देशाची सर्वोच्च मागणी अठरा गिगावॉटच्या आसपास होती.

ट्रिपिल्स्कासारख्या केंद्रात सगळे एका छपराखाली असते. टर्बाइन एका लांब दालनात ओळीने उभी, बॉयलर शेजारी, रोहित्रे भिंतीपलीकडे. सोव्हिएत अभियंत्यांनी ते तसे बांधले कारण त्यात खर्च वाचत होता आणि शेकडो मेगावॉट एका ठिकाणाहून सांभाळता येत होते. त्याच रचनेमुळे चार-पाच क्षेपणास्त्रांत सगळे संपते.

आता खारकीव्हजवळच्या मेरेफा गावातला सौर प्रकल्प पाहा. मे २०२२ च्या अखेरीस तिथे क्षेपणास्त्र पडले. त्या वेळची छायाचित्रे जगभर छापली गेली: निळसर पॅनेलच्या ओळींमध्ये एक मोठा खड्डा, भोवती वाकलेले लोखंड आणि काचेचा चुरा. त्याच छायाचित्रांत खड्ड्याच्या पलीकडे ओळीमागून ओळ शाबूत दिसते. अशा वेळी तंत्रज्ञ तुटलेल्या ओळींच्या केबल बाजूला काढतात, इन्व्हर्टर तपासतात आणि उरलेला भाग पुन्हा जाळ्याला जोडतात. फुटलेली पॅनेल नंतर सवडीने बदलता येतात, आणि त्यांना ३३० किलोव्होल्टची अट नसते. कुठल्याही देशातले पॅनेल चालते.

युक्रेनमध्ये अक्षय ऊर्जेचा आग्रह या अनुभवातून धरला जातो. हवामान बदलाचा विचार त्यात आहे, पण पुढे आहे ते जिवंत राहण्याचे गणित.

या गणिताचे सर्वात मोठे उदाहरण दक्षिणेला, मिकोलाइव्ह प्रांतात, टिलिगुल खाडीच्या काठी उभे आहे. डीटेक या युक्रेनी खासगी कंपनीने तिथे डॅनिश कंपनी वेस्टासच्या पवनचक्क्या उभारायला घेतल्या होत्या. रशियाचे आक्रमण झाले तेव्हा ठरलेल्या एकोणीसपैकी सहा उभ्या होत्या. परदेशी ठेकेदार निघून गेले, काम थांबले. आघाडी तेव्हा मिकोलाइव्ह शहराच्या वेशीवर होती, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये खेर्सोन मुक्त होईपर्यंत शहरावर मारा सुरूच होता.

तरी काम पुन्हा सुरू झाले. उरलेल्या तेरा चक्क्या युक्रेनी कामगारांनी युद्ध सुरू असताना उभ्या केल्या. हे काम एरवीही धीराचेच असते. पवनचक्कीचा मनोरा तुकड्यातुकड्यांनी चढतो. मग वरची खोली, जिच्यात गिअर आणि जनित्र असते. शेवटी पाती. या प्रकारच्या चक्कीच्या फिरत्या चक्राचा व्यास १६२ मीटर आहे, म्हणजे एकेक पाते ऐंशी मीटरच्या जवळपास. पाते उचलायला वारा पडलेला लागतो, आणि ही जागा निवडलेलीच असते वाऱ्यासाठी. म्हणून शांत हवेचे तास गाठावे लागतात, अनेकदा पहाटेचे. त्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की काम थांबवून आश्रयस्थानात जायचे. अंगात बुलेटप्रूफ जॅकेट, डोक्यावर शिरस्त्राण, आणि खाली बोल्ट आवळण्याचे काम. एखाद्या दिवशी वारा पडावा आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजावा, असे झाले तर तो दिवस गेला.

मे २०२३ मध्ये एकोणीसही चक्क्या फिरू लागल्या: प्रत्येकी सहा मेगावॉट, एकूण ११४ मेगावॉट. आघाडीपासून अंतर साधारण शंभर किलोमीटर. डीटेकचे प्रमुख मॅक्सिम टिमचेन्को परदेशांत या प्रकल्पाबद्दल बोलताना एक मुद्दा वारंवार मांडतात: औष्णिक केंद्र बंद पाडायला मोजकी क्षेपणास्त्रे पुरतात, पवनप्रकल्प बंद पाडायला जवळपास प्रत्येक चक्कीवर एकेक टाकावे लागेल. मुद्दा बरोबर आहे, पण पूर्ण नाही. सगळ्या चक्क्यांची वीज शेवटी एका उपकेंद्रातून बाहेर पडते. ते उपकेंद्र पडले, तर वारा वाहत राहील, चक्क्या शाबूत राहतील आणि घरी दिवा लागणार नाही. विखुरलेल्या निर्मितीसोबत उपकेंद्रांभोवती दगड भरलेल्या जाळ्यांच्या भिंती, वाळूच्या गोण्या आणि काँक्रीटची कवचे उभारण्याचे काम म्हणूनच चालू आहे.

टिलिगुलचा दुसरा टप्पा जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला. आणखी ६४ चक्क्या, ३८४ मेगावॉट, ४५ कोटी युरोंचा खर्च. त्यातले ३७ कोटींचे कर्ज डेन्मार्कच्या ईआयएफओ या निर्यात-पतसंस्थेच्या आधारावर उभे राहिले. डेन्मार्कने २०२२ पासून मिकोलाइव्हच्या पुनर्बांधणीची जबाबदारी विशेषत्वाने घेतली आहे, चक्क्या डेन्मार्कच्या आहेत आणि हमीही डेन्मार्कची. यात डॅनिश उद्योगाचा फायदा आहे हे उघड आहे, आणि तो असावाच. ज्या मदतीत देणाऱ्याचाही कारखाना चालतो, ती मदत पुढच्या निवडणुकीत सहज बंद पडत नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने यूएसएआयडी या आपल्या मदतसंस्थेचे काम गुंडाळले, तेव्हा युक्रेनच्या वीजव्यवस्थेसाठीचे तिचे कार्यक्रमही गेले. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सूर्य आणि वारा यांच्या मर्यादा युक्रेनच्या अभियंत्यांना कुणी सांगायला नको. डिसेंबरात कीवमधला दिवस जेमतेम आठ तासांचा, आकाश ढगाळ, आणि विजेची मागणी सर्वाधिक असते ती अंधार पडल्यावर. सौर पॅनेल उन्हाळ्यात भरभरून देतात आणि जेव्हा खरी गरज असते तेव्हा हात आखडता घेतात. हिवाळ्यात वारा चांगला असतो, पण तो वेळापत्रक पाळत नाही. मग मधली दरी भरायची कशी?

एक वाट पश्चिमेकडून येते. आक्रमणाच्या काही तास आधी युक्रेनने रशिया-बेलारूसच्या जाळ्यापासून स्वतःला सोडवून घेतले होते. एकट्याने तग धरण्याची ती तीन दिवसांची ठरलेली चाचणी होती. युद्ध सुरू झाल्याने परत जुळण्याचा प्रश्नच उरला नाही. १६ मार्च २०२२ रोजी युक्रेन आणि मोल्दोव्हा यांची जाळी खंडीय युरोपाच्या जाळ्याशी एका लयीत आणली गेली. पुढे पोलंडकडे जाणारी, नव्वदच्या दशकापासून बंद असलेली वाहिनी ४०० किलोव्होल्टवर पुन्हा सुरू झाली. डिसेंबर २०२४ पासून आयातीची मर्यादा २.१ गिगावॉट झाली.

दुसरी वाट बॅटऱ्यांची. अमेरिकेच्या फ्लुएन्स कंपनीसोबत डीटेकने सहा ठिकाणी मिळून २०० मेगावॉट क्षमतेच्या, ४०० मेगावॉट-तास साठवणाऱ्या बॅटऱ्या बसवल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सुरू झाल्या. बाहेरून पाहावे तर कुंपणात ओळीने ठेवलेले पांढरे कपाटवजा डबे. काम मात्र बारीक आहे. एखादे केंद्र अचानक बंद पडले की जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झवरून खाली घसरू लागते. ती फार घसरली तर बाकीची केंद्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक सुटतात आणि अंधार पसरत जातो. कोळशाच्या केंद्राला उत्पादन वाढवायला मिनिटे लागतात. बॅटरी सेकंदाच्या आत वीज ओतते. पूर्ण भाराने ती दोनच तास पुरते, पण हल्ल्यानंतर पहिली काही मिनिटे सांभाळली गेली तर पुढचे भारनियमन आखून करता येते. आणि आखून केलेले भारनियमन म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. वेळ माहीत असेल तर पाणी भरून ठेवता येते, शस्त्रक्रिया पुढे-मागे करता येते.

शस्त्रक्रियेवरून आठवतात लहान प्रकल्प. कीवच्या वेशीवरच्या होरेन्का गावातला दवाखाना २०२२ च्या लढाईत उद्ध्वस्त झाला. तो पुन्हा बांधताना युक्रेनमधली इकोक्लब आणि ग्रीनपीस या संस्थांनी छपरावर सौर पॅनेल, सोबत बॅटरी आणि उष्णतेसाठी हीट पंप बसवला. इटलीच्या एनेल कंपनीने ५,७०० सौर पॅनेल दिली. ‘रे ऑफ होप’ या युरोपीय उपक्रमातून ती दवाखाने, शाळा आणि पाणीपुरवठा यांच्यासाठी गेली. जाळ्याच्या हिशेबात ही वीज नगण्य आहे. लसींचा फ्रीज आणि पाण्याचा पंप यांच्या हिशेबात ती नगण्य नाही. परदेशी मदतीचा आढावा मेगावॉटमध्ये घेण्याची सवय असलेल्यांनी हा दुसरा हिशेबही मांडायला हवा.

पैशांची मुख्य वाट व्हिएन्नातून जाते. तिथल्या एनर्जी कम्युनिटीच्या सचिवालयाकडे युक्रेनसाठीचा ऊर्जा मदतनिधी आहे. वीजकंपनी काय हवे ते कळवते, मंत्रालय पडताळते, मग निविदा, खरेदी, वाहतूक आणि माल खरोखर पोहोचला की नाही याची तपासणी. निधीत आजवर एक अब्ज युरोंहून अधिक रक्कम आली. जागतिक बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ऊर्जाक्षेत्राच्या पुनर्बांधणीची गरज दहा वर्षांसाठी सुमारे ६८ अब्ज डॉलर इतकी मांडली. दोन आकड्यांतले अंतर देणग्यांनी भरणार नाही. ते कर्जांनी भरायचे, आणि कर्ज देणारा आधी विचारतो: उद्या यावर क्षेपणास्त्र पडले तर? साधा विमा युद्धाचे नुकसान भरून देत नाही. म्हणून जागतिक बँकेची मिगा, युरोपीय पुनर्रचना व विकास बँक आणि ईआयएफओसारख्या संस्था युद्धजोखमीची हमी घेण्याच्या योजना चालवतात. पवनचक्कीच्या पात्याइतकाच हा कागदही तिथे बांधकामाचा भाग आहे.

जोखीम काल्पनिक नाही. खेर्सोन प्रांतातला सिवाश पवनप्रकल्प, २५० मेगावॉटचा, नॉर्वेच्या एनबीटी आणि फ्रान्सच्या तोताल एरेन यांनी उभारला होता. तो आज रशियाच्या ताब्यातल्या प्रदेशात आहे. तरीही युक्रेनने जून २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ऊर्जा आणि हवामान आराखड्यात २०३० पर्यंत अक्षय ऊर्जेचा वाटा २७ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले आहे. ते गाठायचे तर नव्या चक्क्यांसोबत त्यांना जाळ्याशी जोडणारी उपकेंद्रे लागतील, उपकेंद्रांना रोहित्रे लागतील, आणि रोहित्रांसाठी कारखान्यांत रांग आहे. यंदा कोपनहेगन, टोकियो किंवा ब्रसेल्समध्ये ज्या मागणीपत्रावर सही होईल, त्या यंत्रात तेल भरले जाईल ते पुढच्या हिवाळ्यात, किंवा त्याच्याही पुढच्या.